पाठवणीची रेकॉर्ड आणि नवा टोनआर्म

रेकॉर्ड वाजवायचं टर्नटेबल घ्यायचं ठरवलं तेव्हा घरात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. मुलाने बंगळुरूहून फोन केला, "आई, तुला हवं ते गाणं मोबाईलवर मिळतं गं." सुनेने तर लगोलग तीन गाणी पाठवूनही दिली. आणि आमचे हे! पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून घरातल्या झाडूचंसुद्धा एस्टिमेट करतात. ते म्हणाले, "एवढ्या पैशात विहिरीवर नवी मोटर बसेल." मी म्हटलं, "मोटर गाणं म्हणणार असेल तर बसवा." तिथे तो विषय संपला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर मास्तरकी केली, राहुरी तालुक्यातल्या धुळीत आणि उसाच्या पाचटात. तेव्हा निवृत्तीनंतर एक हौस करायचा मला हक्क आहे, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगत होते. पण खरं सांगायचं तर ती हौस नव्हतीच. मला एक रेकॉर्ड शेवटपर्यंत ऐकायची होती. एकच. ती माझ्या लग्नात अर्ध्यावर राहिली होती.

ते कळायला आधी माझे वडील कळायला हवेत. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. जामखेडच्या बाजूला आमचं गाव, पाण्याच्या नावाने बोंब. शेती होती, पण घर चालायचं ते दादांच्या लाऊडस्पीकरवर. एक मशीन, एक अँप्लिफायर, दोन कर्णे, एक बॅटरी आणि रेकॉर्डींनी भरलेली पत्र्याची पेटी. पंचक्रोशीतलं लग्न म्हटलं की दादा हवेतच. कर्णे लिंबाला बांधायचे, मशीन चौरंगावर ठेवायचं, चौरंगाच्या पायाखाली खापराचे तुकडे घालून तो सपाट करायचा, आणि तरीही सुई उड्या मारायला लागली तर तिच्या डोक्यावर दहा पैशांचं नाणं चिकटवायचं. हे नाण्याचं मी परवा टर्नटेबलवाल्या दुकानदाराला सांगितलं तेव्हा त्याने दोन्ही हात कानांवर ठेवले.

रेकॉर्ड पुसायचं काम माझं. जुन्या धोतराचा मऊ तुकडा, कडेला धरायचं, खाचांच्या दिशेने पुसायचं, बोट वर लागता कामा नये. भाकरी थापायला शिकायच्या आधी मी रेकॉर्ड धरायला शिकले. बोट लागलं तर दादा मारायचे नाहीत, नुसते माझ्या बोटाकडे बघायचे. त्यापेक्षा मारलेलं परवडलं असतं.

दादांना एका गोष्टीचा भारी अभिमान होता. त्यांच्या मांडवात रेकॉर्ड कधी अडकून राहिली नाही. दुसऱ्या मशीनवाल्यांच्या लग्नात सुई एकाच खाचेत फिरत राहायची, तोच तो शब्द घोटला जायचा आणि माणसं पोट धरून हसायची. दादा मात्र मशीनकडे पाठ करून चहा पीत असले, कुणाशी बोलत असले, तरी पहिल्या 'टक'लाच त्यांचा हात मागे गेलेला असायचा. सुई उचलून पुढे ठेवली की गाणं चालू. अर्ध्या मांडवाला कळायचंही नाही.

आणि पाठवणीच्या वेळी तर मशीनवाल्याला फारच मान. आमच्या भागात रीतच पडून गेली होती. पाठवणीची रेकॉर्ड लागली की नवरीने आईच्या, मावशीच्या, मैत्रिणींच्या गळ्यात पडून घ्यायचं. ड्रायव्हर गाडी सुरू करून बसायचा. पण रेकॉर्ड वाजतेय तोवर गाडी हलवायची नाही. गाणं संपलं, कर्ण्यातून नुसती खरखर यायला लागली, की मग गाडी निघायची. ही रीत कुणी काढली देवाला ठाऊक, पण ती इतकी पक्की होती की मोठमोठे बागायतदार व्याहीसुद्धा घड्याळाकडे बघत गप्प उभे राहायचे.

माझं लग्न ठरलं ते राहुरीकडचं. जामखेडच्या माणसांना राहुरी म्हणजे परदेशच, कालव्याचं पाणी आणि हिरवागार ऊस. आई खूश होती. दादा बोलायचे नाहीत, ते तसे एरवीही कमीच बोलायचे. चुलत्यांनी त्यांना सांगून पाहिलं, "तुमी नवरीचं बाप. एक दिस दुसऱ्याचं मशीन लावा, अन् मांडवात मानानं बसा." दादा म्हणाले, "माज्या पोरीचं लगीन अन् दुसऱ्याचं मशीन? न्हाई जमायचं."

मग काय, लग्नभर त्यांची ही धावपळ. कन्यादान झालं की मशीनपाशी, व्याह्यांची भेट झाली की मशीनपाशी. फेटा सुटून खांद्यावर आलेला. सासरकडच्या बायका एकमेकींना कोपर मारून विचारत होत्या, हे नवरीचे वडील की लाऊडस्पीकरवाले? मला ते ऐकू येत होतं आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

पाठवणीची वेळ आली. दादांनी रेकॉर्ड लावली. छोटी रेकॉर्ड, एका बाजूला एकच गाणं. घर सोडून जाणारी मुलगी एकेकाला निरोप देते, असं काहीतरी. आईच्या पदरात तोंड खुपसून मी रडत होते आणि मध्येच मान वर करून दादांना शोधत होते. ते लिंबाखाली मशीनपाशी होते. आमच्याकडे पाठ. सगळं गाव माझ्याजवळ आलं होतं, दोन गल्ल्यांपलीकडची आत्यासुद्धा काठी टेकत आली होती, आणि हा माणूस तिथून हलायला तयार नव्हता.

गाण्यात एक ओळ येते. मुलगी बापाला म्हणते, मी गेले की दार लावून घ्या. ती ओळ आली, संपली, आणि पुन्हा आली. आणि पुन्हा. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग कुणीतरी फिसकन हसलं. मग पोरं हसायला लागली, आणि मग सासरकडचं सगळं वऱ्हाड. इकडे ड्रायव्हर गाडी सुरू ठेवून बसलेला, तिकडे दार लावून घ्या, दार लावून घ्या. आईसुद्धा रडायची थांबली आणि म्हणाली, "ह्यास्नी आजच काय झालंय?" शेवटी माझे चुलत सासरे, मोठे तापट गृहस्थ, तरातरा लिंबाखाली गेले आणि त्यांनी बॅटरीची वायरच उपटली. कर्णे गप्प झाले. जीप निघाली. मी मागच्या काचेतून बघितलं, दादांनी अजून मागे वळून पाहिलं नव्हतं.

त्या दिवसाचा राग मी किती वर्षं जपला, काय सांगू. दोन राग होते. एक म्हणजे ते मला निरोप द्यायला आले नाहीत. दुसरा म्हणजे सगळ्या जन्मात कधी अडकली नाही ती रेकॉर्ड त्यांनी नेमकी माझ्या सासरच्या माणसांपुढे अडकवली. नणंदांना तर खाऊच मिळाला. मी एखादी गोष्ट दोनदा बोलले की लगेच, "वहिनींची रेकॉर्ड अडकली!" आमचे हे तर अजूनही म्हणतात. लग्नात पाठवणी पूर्ण वाजली नाही म्हणून तू अजून अर्धी माहेरीच आहेस, हा त्यांचा ठरलेला विनोद.

पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा मी दादांना धारेवर धरलं. ते अंगणात मशीनला तेल देत बसले होते. मी विचारलं, "दादा, असं कसं झालं?"

"चरा पडला हुता," ते म्हणाले.

"मग उचलली का नाही तुम्ही?"

"ध्यान न्हवतं, बाय."

एवढंच. ती रेकॉर्ड त्यांनी वेगळ्या कव्हरात घालून पेटीच्या तळाशी ठेवली होती. पुढच्या लग्नसराईसाठी तीच दुसरी नवी आणली होती. "ती जुनी लावू नगं कधी. सुई जाईल." मी कशाला लावतेय? मला तर ती डोळ्यांपुढेही नको होती.

पुढे कॅसेटी आल्या, दादांचं मशीन कुणीतरी भंगाराच्या भावात नेलं. दादा गेले, मग आई गेली. गेल्या वर्षी भावाने जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं, तेव्हा माळ्यावरची पत्र्याची पेटी माझ्याकडे आली. वहिनी म्हणाली, "तुमच्याशिवाय कोण ठेवणार हे?" तळाशी ती रेकॉर्ड होती. कव्हर उंदरांनी कुरतडलेलं, पण आत ती शाबूत. मी ती खिडकीत उन्हाला धरून भिंगातून बघितली. सगळीकडे बारीक ओरखडे होतेच, पण मधोमध एक जरा ठळक रेघ होती. हाच तो चरा, मी मनाशी म्हटलं. आणि का कोण जाणे, एकदम वाटलं की हे गाणं आपल्याला त्या रेघेच्या पलीकडे ऐकायचं आहे. राग बिग कधीच विरून गेला होता. उरली होती ती नुसती हुरहूर. दादांनी लावलेलं गाणं संपायचं राहिलं होतं.

मग मी अभ्यासाला लागले. डी.एड.ला केला नाही एवढा अभ्यास केला. टर्नटेबल म्हणजे खालची फिरती तबकडी आणि टोनआर्म म्हणजे सुई धरणारा दांडा, एवढं मला माहीत होतं. दादा त्याला दांडी म्हणायचे. पण आता कळलं की खरी मेख दांडीतच असते. स्वस्तातल्या मशीनची दांडी ओबडधोबड असते. चरा आला की ती एकतर मागे फेकली जाते, नाहीतर सुई प्लॅस्टिकमध्ये रुतवून उरलंसुरलं गाणंही खरवडून काढते. चांगली दांडी हलकी, मागच्या वजनाने अचूक तोललेली, ती ओरखड्यावरून अलगद पार होते. तेव्हा ठरवलं, ही रेकॉर्ड स्वस्तातल्या मशीनवर चुकूनही चढवायची नाही. लावायची तर एकदाच, आणि उत्तम दांडीखाली.

असलं मशीन घ्यायला पुण्याला जावं लागेल असं वाटत होतं. पण नगरच्याच कापडबाजारात एका साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर हा प्रकार निघाला. खाली साड्या, वर मालकाचा शौक. पन्नाशीचे, हसतमुख, घरचा धंदा साड्यांचा पण जीव मशीनांत. आम्ही जिना चढून गेलो, तर त्यांनी आधी ह्यांनाच विचारलं, "सर, बजेट काय आहे?" ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि पंखा कुठे आहे ते शोधून त्याच्याखाली जाऊन बसले. मग ते गृहस्थ माझ्याकडे वळले आणि पुढे सगळा वेळ ताई, ताई करत राहिले.

मी सांगितलं, "मला एकच रेकॉर्ड ऐकायची आहे. तिला मध्ये चरा आहे. जी दांडी तो पार करेल ती मी घेणार."

त्यांना हे आव्हानच वाटलं. भिंतीलगतच्या सगळ्यात भारी मशीनवरचं फडकं त्यांनी काढलं. काळीभोर जाड तबकडी, आणि तिच्यावर स्वेटरच्या सुईएवढी बारीक रुपेरी दांडी. परदेशातून मागवलेली. तिची किंमत त्यांनी सांगितली तेव्हा ह्यांनी पंख्याखालूनच पाणी मागितलं. "हिला बोट लावायचं नाही बरं का," ते मला म्हणाले, "उचलायची, ठेवायची, सगळं या लिव्हरने." मग सोनाराच्या काट्यासारख्या इवल्याशा काट्यावर त्यांनी सुईचा भार तोलला. मी रेकॉर्ड कव्हरातून काढून कडांवर धरली आणि तबकडीवर ठेवली. ते बघून म्हणाले, "ताई, तुमचा हात शिकलेला आहे." मला फार बरं वाटलं.

सुई उतरली. खरखर, तडतड, आणि मग गाणं. किती स्वच्छ! कर्ण्यातून ऐकलेल्या आवाजाला आत श्वास होता, हे मला तेव्हा कळलंच नव्हतं. बाई गाता गाता श्वास घेत होती. मी खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या. ती ओळ आली. मी गेले की दार लावून घ्या. आणि ओळ संपून गाणं पुढे गेलं. पुढचं कडवं सुरूसुद्धा झालं.

"बघा!" मालकांनी टाळीच वाजवली. "म्हणालो नव्हतो? दुसऱ्या आर्मचं काम नव्हतं हे!"

"घेऊन टाक बाई," हे म्हणाले.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी मशीनवाल्याची मुलगी. चरा पार झाला तरी त्याचा आवाज येतो. दर फेऱ्याला एक 'टक' येतो, कितीही भारी दांडी असली तरी. इथे तो आलाच नाही. मी म्हटलं, "दुसऱ्या मशीनवर लावा." त्यांनी शेजारच्या, जरा जाड दांडीच्या मशीनवर लावली. गाणं सरळ शेवटपर्यंत गेलं. कोपऱ्यात पोरांना वाढदिवसाला देतात तसं एक लाल, पेटीसारखं मशीन होतं. मी त्याच्याकडे बोट दाखवलं.

"नको ताई, त्याच्यावर नको. खराब होईल. तुम्हीच तर म्हणालात चरा आहे."

"लावा," मी म्हटलं.

त्या खेळण्यावरसुद्धा ती कुठे अडकली नाही. भिंगातून दिसलेली ती रेघ नुसती वरवरची होती.

मला तिथेच उभ्या उभ्या सगळं दिसायला लागलं. रेकॉर्ड अडकते तेव्हा सुई एकाच फेऱ्यात फिरते. एका फेऱ्यात दोन शब्दसुद्धा धड बसत नाहीत. माझ्या पाठवणीला मात्र पुन्हा पुन्हा आली ती अख्खी ओळ. कधी एक शब्द आधीपासून, कधी अर्ध्या शब्दावरून. हे मला, त्या रेकॉर्डी पुसून मोठ्या झालेल्या मुलीला, तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी आईच्या पदरात तोंड घालून रडत होते आणि मनातून चिडलेही होते.

ह्यांनी विचारलं, "म्हणजे? मग त्या दिवशी अडकली कशी?"

"अडकली नव्हती," मी म्हटलं. "दादा हाताने मागे नेत होते."

रेकॉर्ड संपली असती तर गाडी निघाली असती. म्हणून ती त्यांनी संपू दिली नाही. सगळ्यांकडे पाठ करून उभे होते ते त्यासाठी. हात कुणाला दिसू नये, तोंडही दिसू नये. ज्या माणसाने उभ्या जन्मात रेकॉर्ड अडकू दिली नाही, त्याने दोन गावांपुढे स्वतःची फजिती होऊ दिली, मला आणखी थोडा वेळ त्या मांडवात ठेवायला. आणि वर विचारलं तर म्हणे, चरा पडला हुता. मी त्या साड्यांच्या दुकानाच्या माडीवर लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडले. मालकांना वाटलं, आवाजाच्या शुद्धतेने ताईंना भरून आलं. त्यांनी लगबगीने पाण्याचा ग्लास आणला आणि तो परदेशी आर्म असाच आहे, भलेभले रडतात, असंही सांगितलं.

हे मात्र पंख्याखालून उठून माझ्याजवळ आले. रेकॉर्डचं कुरतडलेलं कव्हर त्यांनी हातात घेतलं. मग म्हणाले, "आम्ही जीपमध्ये हसत होतो गं."

ती ह्यांची माफी होती, ते मला समजलं.

थोड्या वेळाने मालकांनी हळूच विचारलं, "मग ताई, कोणतं बांधू? हे रुपेरी?"

"नको. ज्याची दांडी हाताने उचलता येते, असं द्या."

त्यांना पटलं नाही. त्यांनी मला समजावून सांगितलं की हात कितीही शिकलेला असला तरी थरथरतो, सुई इकडेतिकडे पडते, लिव्हर त्यासाठीच असतो. मी सगळं ऐकून घेतलं आणि शेजारचं, जरा जाड दांडीचं मशीन दाखवलं. त्याच्या दांडीला टोकाशी बोटात धरायला छोटी वाकडी कडी होती. मी म्हटलं, बांधायच्या आधी एकदा मला लावू द्या.

रेकॉर्ड ठेवली. कडीत बोट घालून सुई त्या ओळीच्या अंदाजाने खाली सोडली. ओळ वाजली, संपली. मी दांडी उचलली, किंचित मागे आणली आणि पुन्हा सोडली. सुई जरा पुढे पडली. ओळ अर्ध्या शब्दावरून सुरू झाली, हुबेहूब मांडवातल्यासारखी. तिसऱ्यांदा मागे नेली तेव्हा मालकांना राहवेना. "ताई, सुई जाईल!" म्हणत त्यांनी हात पुढे केला.

ह्यांनी त्यांचं मनगट धरलं. "असू द्या," ते म्हणाले. "गाडी थांबवून ठेवलीय आम्ही."